शालनताईंचं मशीन

६ ऑक्टोबर, सोमवार

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फॉल्टची वही वेगळी आहे, तिच्यात मशीनचं लिहितो. ही वही माझी. फौजेत सिग्नलमध्ये सतरा वर्षं काढली, तिथं रोजचं रोज लिहायची सवय लागली ती सुटली नाही. संयोगिता म्हणते, "बायकोशी चार शब्द बोलायला जिवावर येतं, वहीशी बरं बोलता." तिचं खोटं नाही.

सकाळी धन्यकुमारअण्णांचा फोन. सांगलीत त्यांचा छापखाना चाळीस वर्षांचा आहे. लग्नपत्रिका, जैन मंदिराच्या पुस्तिका, बिलबुकं असली कामं. कॉम्प्युटर आपोआप बंद होतोय आणि आपोआप चालू होतोय म्हणे. काम अडलं तर मलाच जड जाणार, कारण सध्या तिथं आमच्याच गावची स्मरणिका चालू आहे. वडूजजवळच्या आमच्या गावातनं फौजेत गेलेल्या सगळ्यांची माहिती, दोनशे पानं. भाऊबीजेला पोरं रजेवर येतात तेव्हा प्रकाशन. काम अण्णांना मीच मिळवून दिलं.

मशीनवर शालनताई बसतात. वय चोपन्न. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायच्या कामाला लागल्या होत्या, खिळे गेले तेव्हा कॉम्प्युटर शिकल्या. बावीस वर्षं त्याच खुर्चीत आहेत. टायपिंग असं की बघत राहावं.

मी कॅबिनेट उघडलं आणि हसायलाच आलं. आत कुंकू, हळद, तांदळाचे दाणे आणि झेंडूच्या पाकळ्या. पंख्याला कुंकवाचा थर. गेल्या बुधवारी खंडेनवमी झाली, बाईंनी मशीनची पूजा केली होती.

"शालनताई, लोखंडी मशीन होतं तेव्हा ठीक होतं. ह्याला देवपण सोसत नाही," म्हणालो.

"आवं, दरसाल करतीय की. आत्ताच कसं झालं?" त्या ओशाळल्या.

"दरसाल थोडं थोडं आत गेलं. आता भरलं."

अण्णा हसले, बाकीचेही हसले. ब्लोअर मारला, सगळं साफ केलं, चालू केलं. तासभर बसलो, काही झालं नाही. पॉवर सप्लाय बघायची गरज नव्हती, तो जुलैत मीच नवीन टाकलाय. आज स्वतःवर खूश आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा तेच. सकाळी दहापर्यंतच तीनदा बंद पडलं. मी गेलो तर माझ्यासमोर दीड तास शहाण्यासारखं चालत होतं. डॉक्टर दिसला की पेशंटचा ताप उतरतो, त्यातला प्रकार.

शालनताई म्हणाल्या, "दादा, एक सांगू का? प्रिंटर घुमला की ह्याचा जीव जातोय. सगळ्या वेळी न्हाई, पण मी प्रिंट दिली की लय वेळा."

"ताई, प्रिंटर वेगळा, कॉम्प्युटर वेगळा. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही."

"न्हाई, मला आपलं वाटलं."

ऑपरेटरला नेहमी काहीतरी वाटतंच. फौजेतही असंच, सेट बंद पडला की प्रत्येक जवानाची आपली एक थिअरी. मशीन दुकानात घेऊन आलो. रॅम बदलली, प्रोसेसरची पेस्ट नवीन लावली, दोन दिवस चालू ठेवून बघणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पन्नास तास मशीन चालू होतं, एकदाही बंद पडलं नाही. दुपारी नेऊन लावलं. संध्याकाळी साडेपाचला अण्णांचा फोन. शालनताई तपासायला पानं काढत होत्या, मशीन बंद पडलं, आणि परत चालू झालं तेव्हा फाइल उघडेना. अडतीस पानं गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज प्रेसवर जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "कृष्णात, मला एक सांग. मशीन बिघडलंय का माणूस?"

मी म्हणालो, "अण्णा, माझ्याकडं पन्नास तास चाललं. मशीनमध्ये दोष नाही."

"म्हणजे?"

टेबलाखाली बघितलं. यूपीएसची बॅटरी पावसाळ्यातच मेलेली, त्यामुळं प्रिंटर धरून सगळं थेट एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहे. बोर्ड जमिनीवर, शालनताईंच्या पायापासून वीतभर. मी दाखवलं. "पाय लागत असेल. साडीचा काठ अडकत असेल. वय झालं की ध्यानात येत नाही." फौजेत आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं, आधी ऑपरेटर तपासायचा, मग सेट. शंभरात ऐंशी वेळा ऑपरेटरच निघतो.

मागं वळलो तर शालनताई दारात उभ्या होत्या. हातात चहाचे कप. त्यांनी कप टेबलावर ठेवले आणि गेल्या.

मी बोललो ते चुकीचं आहे असं वाटत नाही. फक्त त्या समोर असताना बोलायला नको होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शालनताई दुकानात आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. मला वाटलं भांडायला आल्या. खुर्ची दिली तर टोकावर बसल्या.

"दादा, माझं काय चुकतंय तेवढं सांगा. मी शिकीन."

"अहो ताई..."

"मी आता मांडी घालूनच बसतीया खुर्चीवर. पाय खाली सोडतच न्हाई. सकाळच्याला तरीबी दोनदा बंद पडलं. मंजी पाय न्हाई. मग काय असंल? माझा हात कुठं चुकीचा पडतोय का?"

शनिवारपासून बाई मांडी घालून टायपिंग करत होती. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाही ती.

त्यांनी अजून सांगितलं. अण्णांची पुतणी ब्राह्मी साताऱ्याहून आलीय. तिकडं डीटीपीचंच काम करते. उद्यापासून स्मरणिका तिच्याकडं. तिच्या हातात मशीन नीट चाललं तर दिवाळीनंतर तिलाच ठेवायचं, आणि शालनताईंनी बाइंडिंगला बसायचं, घड्या घालायला. अण्णांनी स्वतः सांगितलं, वाईट वाटून सांगितलं म्हणे.

"घड्या घालायला मला कमीपणा न्हाई. पण बावीस वर्सं केलेलं काम मला येत न्हाई म्हणून उठवलं, हे कसं सोसायचं ओ?"

मी त्यांना चहा पाजला आणि दर दोन मिनिटांनी फाइल सेव्ह कशी करायची ते कागदावर लिहून दिलं. त्यांना ते माझ्याआधीपासून येतं. तरी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

१५ ऑक्टोबर, बुधवार



गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या एमआयडीसीत एक ऑफिस बंद झालं. त्यांचे दहा जुने कॉम्प्युटर मी उचलले, पार्ट काढून ठेवले. त्यातलाच एक पॉवर सप्लाय टाकून दुकानातलं माझं मशीन चालतंय. आज सकाळी एका गिऱ्हाइकाचा लेझर प्रिंटर दुरुस्त करून त्याच बोर्डावर लावला. प्रिंट दिली. प्रिंटर गरम व्हायला घुमला, दिवा किंचित मंद झाला, आणि माझं मशीन बंद पडलं. मग आपोआप चालू झालं.

पुन्हा प्रिंट दिली. चालू राहिलं. तिसऱ्यांदा दिली, पुन्हा बंद.

प्रिंटर घुमला की ह्याचा जीव जातोय.

सप्लाय काढून उघडला. आतले कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, एकाला तळाशी तपकिरी डाग. चांगला सप्लाय तेवढा झटका पचवतो. हा म्हातारा झालाय, त्याला पचत नाही. म्हणूनच अण्णांचं मशीन दुकानात पन्नास तास चाललं. मी प्रिंटर कुठं लावला होता?

जुलैत अण्णांचा सप्लाय जळाला तेव्हा चातुर्मासाच्या पुस्तिकेची घाई होती. माझ्याकडं नवीन शिल्लक नव्हता. साताऱ्याच्या लॉटमधला एक पुसून बसवला. आठवड्यात नवीन आणून बदलू म्हटलं. बिलावर नवीन लिहिलं, कारण नवीन टाकणारच होतो. मग विसरलो.

विसरलो का? सहा तारखेचं पान उघडून बघितलं. "जुलैत मीच नवीन टाकलाय." हे मी माझ्या स्वतःच्या वहीत लिहिलंय. इथं कोण वाचणार होतं? कुणाला फसवत होतो मी?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्रभर एकच विचार होता, आधी मशीन नीट करावं, सांगायचं ते नंतर बघू. स्मरणिका वेळेत होणं महत्त्वाचं. गावाची अब्रू आहे.

सकाळी मिरजेहून नवीन सप्लाय आणला. प्रेसवर दुपारच्या सुट्टीत गेलो, बहुतेक सगळे डबे खायला मागं बसले होते. अण्णांना म्हणालो, सर्व्हिसिंग करतो. दहा मिनिटांत बदलला. जुना पिशवीत घातला, वर फडकं टाकलं. चोर माल घेऊन जातो तसा बाहेर पडलो.

जाताना बाइंडिंगच्या खोलीत बघितलं. शालनताई जमिनीवर बसून घड्या घालत होत्या. हाडाच्या पट्टीनं घडी दाबायची, बाजूला ठेवायची. मला बघून म्हणाल्या, "जेवला का दादा?"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मी काय करून बसलोय हे मला आज कळलं.

अण्णांचा फोन आला, खूश होते. "कृष्णात, दोनशे पानं प्रिंट काढली ब्राह्मीनं. एकदाबी हललं न्हाई मशीन. तुझं खरं निघालं बघ. मला वाटत हुतं, उगा बाईवर आळ नको. पण तुझ्या नजरेला दिसलं ते खरं."

मी म्हणालो, "अण्णा, ते..."

"तुझ्या हाताला गुण हाय गड्या," म्हणाले, आणि फोन ठेवला.

ब्राह्मी मंगळवारपासून नुसतं टाइप करत होती. प्रिंट आज पहिल्यांदा काढली. मी काल हात लावला नसता तर आज पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रिंटला मशीन ब्राह्मीच्या हातात बंद पडलं असतं, आणि शालनताई सुटल्या असत्या. त्यांच्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार होता. तो मी फडक्याखाली झाकून घेऊन आलो.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुकान बंद. घरात फराळाचं चाललंय. संयोगिताला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. चकली पाडता पाडता ऐकत होती.

"अण्णांना सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल," मी म्हणालो. "नुसते अण्णा नाहीत, त्यांच्या ओळखीवर निम्मं दुकान चालतं. सगळी सांगली म्हणेल, फौजी जुना माल टाकतो."

"टाकताच की."

"एकदा टाकला."

"मग म्हणू देत की एकदा टाकला म्हणून." सोऱ्या बाजूला ठेवला. "आवं, त्या बाईला काय म्हणत असतील लोकं, त्याचा हिशोब केला का तुमी? तुमच्या दुकानाचा बरा येतोय."

मी चिडलो, उठून बाहेर गेलो. राग तिचा नव्हता. आणखी दोन दिवस घेतो. दिवाळीत कुणाला कशाला असलं सांगायचं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

अण्णांकडं फराळाला बोलावलं होतं. दारापर्यंत गेलो. आतून ब्राह्मीचं हसणं ऐकू येत होतं, ती कुणाला तरी सांगत होती, "काकांनी मला कायमचं बोलावलंय." तसाच परत आलो. संयोगिताला सांगितलं, अण्णा घरी नव्हते. ती माझ्याकडं बघत राहिली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

गावी प्रकाशन झालं. मंडप भरला होता. वर्दीतली पोरं, माजी सैनिक, बायका. सरपंचांनी मला स्टेजवर बोलावून नारळ दिला, "हे काम कृष्णातरावांमुळं वेळेत झालं" म्हणाले. टाळ्या पडल्या.

पुस्तक चाळलं. दोनशे पानांपैकी दीडशे शालनताईंनी टाइप केलेली. पोस्टातनं आलेल्या चुरगळलेल्या कागदांवरून, म्हाताऱ्यांच्या मोडक्या अक्षरांवरून. माझ्या वडिलांचं नाव, नंबर, पलटण, सगळं बिनचूक. कागदावर वडिलांचा नंबर मीच चुकीचा लिहून दिला होता. त्यांनी ऑगस्टमध्ये फोन करून विचारलेलं आठवतं, "दादा, एक आकडा कमी वाटतोय, बघता का?" ज्या बाईला दुसऱ्याच्या कागदातला कमी आकडा दिसतो, तिला स्वतःच्या पायाखालचा बोर्ड दिसत नाही, असं मी म्हणालो होतो.

नारळ गाडीतच राहिला. घरात न्यावा वाटला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

प्रेस उघडली. दारात चप्पल काढतानाच अण्णांना म्हणालो, "अण्णा, बसा. सांगायचंय." काढलेला सप्लाय टेबलावर ठेवला. जुलैपासून सगळं सांगितलं. बिलाचं, पन्नास तासांचं, फडक्याचं. ब्राह्मी तिथंच होती, तिच्यासमोर सांगितलं.

अण्णांनी तो डबा हातात घेऊन उलटा करून बघितला. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बावीस वर्सांत ती बाई माझ्याशी एकदा खोटं बोलली न्हाई," म्हणाले. "आपोआप बंद पडतंय म्हणाली तर मी तिचं ऐकलं न्हाई. तुझं ऐकलं. का, तर तू मेकॅनिक. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी हाय."

"नाही अण्णा."

"तू बोलू नको आता."

ब्राह्मीनं कॅबिनेटला जोडलेली स्वतःची पेनड्राइव्ह काढली, पर्समध्ये टाकली. "काका, मी उद्या साताऱ्याला जाते. मला हे माहीत असतं तर मी बसलेच नसते." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शालनताई भाऊबीजेला माहेरी शिराळ्याला गेल्यात. गुरुवारी जाताना अण्णांना सांगून गेल्या, परत येतील का नक्की नाही. अण्णा फोन लावायला लागले. मी म्हणालो, "फोनवर नको. मी जातो." ते म्हणाले, "जा. आन् तिला म्हणावं, खुर्ची तिचीच हाय. माझ्याकडनं हात जोडून सांग."

२६ ऑक्टोबर, रविवार

शिराळ्याला घर विचारत गेलो. भावाचं घर, पुढं अंगण. शालनताई ओसरीवर लसूण सोलत होत्या. मला बघून उठल्या, पदर सावरला. "दादा? मशीन परत बिघडलं का काय?"

अजूनही त्यांना वाटत होतं, बिघडलं असेल तर त्यांच्यामुळंच.

मी उभ्यानंच सांगितलं. पाणी आणायला निघाल्या होत्या, थांबवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंजी प्रिंटरमुळंच हुतं?"

"तुम्ही म्हणाला तेच होतं. आणि मी टाकलेल्या जुन्या सप्लायमुळं."

"कुंकू न्हवतं?"

"नाही."

"पाय न्हवता?"

"नाही ताई."

"तुमाला कवा कळलं?"

"पंधरा तारखेला."

त्यांनी बोटांवर मोजलं. अकरा दिवस. माफी मागितली तर त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "मी हितं सगळ्यांना सांगितलंय, माझा हात गेला म्हणून. माझ्याच तोंडानं सांगितलंय. आता तुमच्या तोंडानं सांगा."

त्यांनी आत जाऊन भावाला बोलावून आणलं. भाऊ नाथाजी, ऊसतोडीच्या टोळ्यांवर मुकादम, आडदांड माणूस. त्याला सांगितलं. त्यानं एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि खांबाला टेकून उभा राहिला. मग भावजय. तिला पहिल्यापासून सांगितलं. शालनताई शेजारच्या बनाबाईंना घेऊन आल्या. "ह्यांनाबी सांगा. ह्या मला म्हणल्या हुत्या, वय झालं आता, घरी बस." चौथ्यांदा सांगितलं. प्रत्येक वेळी त्या बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. एकदा मी "चुकून" म्हणालो तर म्हणाल्या, "चुकून न्हाई. मघाशी सांगितलं तसंच सांगा."

तसंच सांगितलं.

अण्णांचा निरोप दिला. म्हणाल्या, "मंगळवारपासनं येते म्हणावं. पण मशीनला हात लावायला दुसरा माणूस बघायचा. तेवढं असंल तर." मी म्हणालो, सांगतो.

निघणार होतो. "थांबा," म्हणाल्या. "आई ऱ्हायली."

आई आतल्या खोलीत पलंगावर. नव्वदीच्या पुढं, ठार बहिरी. मी कानाशी वाकून सांगायला लागलो, त्यांना काही कळेना. मग मोठ्यानं सांगितलं. शालनताई दारात, भाऊ मागं. "आई, कॉम्प्युटर ह्यांच्यामुळं बिघडला नव्हता. दोष माझा होता."

"कुनाचा?"

"माझा. माझा होता. मी ह्यांच्यावर ढकलला."

रस्त्यावरनं जाणारा एक जण दारात थांबला. म्हातारीनं माझं तोंड नीट बघितलं, मग लेकीकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "दिवाळीत लेकीनं तोंडात गोडाचा कण घातला न्हाई. मी इचारलं तर सांगंना. ते तुझ्यापायी व्हय रं?"

"व्हय," म्हणालो.

तिनं कानामागं हात धरला. तिला ऐकू आलं नव्हतं. मग तेही मला ओरडून सांगावं लागलं.